मूल भोकाड पसरतं तेव्हा: पालकांनो, या चुका टाळा

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत मी शिकवते. दरवर्षी मुलं नवी येतात, पालक नवे येतात, चुका मात्र त्याच असतात. मुलाला राग येणं, रडू येणं, हवी ती वस्तू आत्ताच्या आत्ता हवी असणं हे वयाला धरूनच आहे. मेंदूचा जो भाग स्वतःला आवर घालतो तो कपाळाच्या मागे असतो आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू राहते. चार वर्षांच्या मुलाकडे हा आवर पुरता आलेलाच नसतो. तोवर तो मोठ्यांनी पुरवायचा असतो, आणि नेमके तिथेच आपण कमी पडतो.

‘नाही, नाही, नाही... बरं, घे!’

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी हिच्यातूनच निघतात.

आमच्याकडच्या एका चार वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते. देवळाच्या जत्रेत त्याला बॅटरीवर चालणारं हेलिकॉप्टर दिसलं. बाबा म्हणाले, नाही. तो कुरकुरला. आई म्हणाली, घरी आहेत तेवढी खेळणी पुरे. तो रडायला लागला. बाबा पुन्हा म्हणाले, एकदा सांगितलं ना, नाही! मग मुलाने खाज्यांच्या दुकानासमोर, भर गर्दीत, लाल मातीत लोळण घेतली. लोक वळून बघायला लागले. आजी म्हणाली, “घेऊन दे रे, कशाला रडवतोस पोराला?” आणि मूल सगळ्यात मोठ्याने किंचाळलं त्या क्षणी बाबांनी खिशातून पैसे काढले.

मी दोन दुकानं सोडून उभी होते. पुढे काय होणार ते मला तेव्हाच दिसत होतं. पुढच्याच आठवड्यात झोपाळ्यावर पाळी आली नाही म्हणून तो मुलगा वर्गात थेट जमिनीवर आडवा झाला. कुरकुर नाही, मुसमुसणं नाही, पहिल्यापासून वरची पट्टी. बाबा मला म्हणाले, “बाई, आधी थोडं रडायचा, आता एकदम लोळतोच.” लोळणारच. कुरकुरीला नकार मिळतो, रडण्याला नकार मिळतो आणि लोळण्याला हेलिकॉप्टर मिळतं, हे त्याने बरोबर टिपलं होतं. त्यात वाईट असं आहे की कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा वस्तूसाठीचा हट्ट सगळ्यात चिवट असतो. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत १९५० च्या दशकातच दाखवून दिलं आहे.

माझी सवय सोपी आहे. नकार देण्याआधी मी थांबते आणि स्वतःला विचारते, यावर मी शेवटपर्यंत टिकणार आहे का? नसेन, तर पहिल्याच मागणीला आनंदाने हो म्हणते. पहिल्या मागणीला दिलेलं हेलिकॉप्टर मुलाला बिघडवत नाही, किंकाळीनंतर दिलेलं बिघडवतं. त्या कुटुंबालाही मी तेच सांगितलं: घरातून निघायच्या आधी ठरवा. एक खेळणं, पन्नास रुपयांपर्यंतचं, निवड मुलाची. आणि हे आजीलाही आधी सांगा, कारण घरात चार माणसांची चार उत्तरं असतील तर मूल चौथ्या माणसाकडे जाणारच.

इथे घाई असलेल्या पालकांना एक गोष्ट ठासून सांगते. तुम्ही नकारावर टिकायला लागलात की सुरुवातीला हट्ट वाढतो. जे कालपर्यंत चाललं ते आज का चालत नाही, म्हणून मूल आणखी जोर लावून बघतं. बहुतेक आईवडील याच टप्प्यावर “तुमचा उपाय लागू पडत नाही, बाई” म्हणत माघार घेतात, आणि त्या वाढलेल्या जोराला बक्षीस देऊन मोकळे होतात. ‘आठ दिवसांत हट्ट बंद’ असे व्हिडिओ मला पाठवू नका. हे काम महिन्यांचं आहे. तो मुलगा पुढच्या जत्रेतही रडला. बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसले, काही बोलले नाहीत, काही घेतलंही नाही. गाडीपाशी पोचेपर्यंत रडणं ओसरलं होतं. लहान मुलांचे बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आतच संपतात. लोकांच्या नजरांमुळे आपल्याला ते तासाभराचे वाटतात.

ऐन रागात उपदेश

मूल किंचाळत असताना समजावू नका. त्या वेळी त्याच्या कानात शब्द शिरत नाहीत. खाली बसा, आवाज उतरवा, एकच छोटं वाक्य बोला आणि जवळ थांबा.

हाच नियम श्वासाच्या युक्त्यांना. “दीर्घ श्वास घे, दहा अंक मोज” हे पालक मुलाला पहिल्यांदा सांगतात कधी, तर ते पाय आपटत असताना! पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असताना कोणी पोरांना पोहायला शिकवत नाही. आम्ही वर्गात सकाळी, सगळे खुशीत असताना, साबणाच्या पाण्याचे फुगे काढतो. जोरात फुंकलं तर फुगा फुटतो, हळू आणि लांब फुंकलं तरच मोठा होतो. लांब श्वास सोडणं मुलं अशी शिकतात. हे रोज, न कंटाळता करावं लागतं, तेव्हा कुठे एखाद्या दिवशी रागावलेलं मूल आपणहून ओठांचा चंबू करतं.

न पाळायची वचनं

ही माझी दुसरी डोकेदुखी, आणि हिच्याकडे कोणी चूक म्हणून बघतही नाही. “गप्प बस, उद्या तुला मिरामारच्या किनाऱ्यावर नेते.” “इंजेक्शन घे, मग आइस्क्रीम.” उद्या उजाडतो, मिरामार राहून जातं. आईला वाटतं, मूल विसरलं. विसरलेलं नसतं.

धीर धरायच्या क्षमतेवरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला तो झाला. मुलासमोर मार्शमेलोसारखा खाऊ ठेवायचा आणि सांगायचं: मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबायचं जास्तीत जास्त पंधरा-वीस मिनिटं. पुढे या मुलांचा पाठपुरावा झाला आणि थांबणारी मुलं आयुष्यात पुढे जातात असा बोलबाला झाला. आता आमच्याकडचे पालकही चॉकलेट ठेवून, मोबाइलवर चित्रण करत, घरच्या घरी पोराची परीक्षा घेतात आणि “आमच्याला धीरच नाही हो” असा शिक्का मारून मोकळे होतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर हा अभ्यास पुन्हा झाला. त्यात तो संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखीच कमी झाला.

मला महत्त्वाचा वाटतो तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. मुलं अठ्ठावीसच होती, पण त्यातून जे दिसलं ते प्रत्येक आजी-आजोबांना सांगावं असं आहे. खाऊ समोर ठेवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवलं आणि “थांब, मी चांगले रंग आणून देते” असं वचन दिलं. निम्म्या मुलांना ते रंग मिळाले. निम्म्यांना “अरे, संपले वाटतं” असं सांगण्यात आलं. मग खाऊची पाळी आली. वचन पाळलेलं ज्यांनी पाहिलं होतं ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती सरासरी तीनच मिनिटं. समोरचा माणूस शब्द पाळत नसेल तर हातातला खाऊ खाऊन टाकणं हा शहाणपणाच आहे. मग त्या मुलाला अधीर कसं म्हणायचं?

म्हणून मी वर्गात छोटीच वचनं देते आणि ती फळ्यावर चित्र काढून ठेवते. डब्याचं चित्र, त्याच्यापुढे झोपाळ्याचं चित्र: आधी डबा, मग झोपाळा. पाऊस आला आणि झोपाळा हुकला, तर ते चित्र पुसत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं तेच काम. ‘उद्या’ हा शब्द मी तीन वर्षांच्या मुलासमोर वापरतच नाही, त्याला तो धड कळत नाही. “झोपून उठल्यावर” कळतं.

मिशेल यांच्याच प्रयोगांतली एक बाजू लोक सांगत नाहीत. खाऊ झाकलेला असला की मुलं जास्त वेळ थांबत होती. तोंड फिरवणारी, गाणी म्हणणारी मुलंही टिकत होती. तेव्हा चतुर्थीला नेवऱ्यांनी (करंज्यांनी) भरलेलं ताट मुलाच्या नाकासमोर ठेवून “नैवेद्य होईपर्यंत हात लावायचा नाही” असं दरडावू नका. ताट झाका, वर ठेवा, आणि मुलाच्या हाती माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, बांधायची फळं द्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रडणाऱ्याच्या हातात मोबाइल. तो गप्प होतो, पण राग कसा ओसरतो हे शिकायची संधी दर वेळी जाते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा २०२२ चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो की मुलाला शांत करायला वरचेवर मोबाइल देणं आणि त्याच्या भावना लवकर भडकणं यांचा संबंध आहे, विशेषतः मुलग्यांमध्ये.

“राग आलाय? उशीला मार!” मारल्याने राग वाढतो. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी मोठ्या माणसांवर हे तपासलं आहे. हातपाय गार पाण्याने धुवा, ते बरं.

“मुलगा असून रडतोस?” हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. त्याऐवजी “तुझा मनोरा तिने पाडला म्हणून तुला राग आलाय” असं म्हणा. भावनेला नाव मिळालं की मुलाला हातांऐवजी शब्द वापरता येतात.

मारणं. शाळेत ते शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार बंद आहे. घरात मार खाणारं मूल वर्गात दुसऱ्याला मारतं, हे मी ओळखते.

झोप. जत्रेतलं नाटक रात्री एक वाजेपर्यंत बघितलेलं मूल सकाळी वर्गात कशावरूनही भडकतं, आणि आई म्हणते, हट्टी झालाय. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह दहा ते तेरा तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी झोप, मग भूक तपासा, स्वभावावर नंतर या.

आणि आवर शिकवायचे महागडे खेळ विकत घेऊ नका. ‘शिवाजी म्हणतो’, स्टॅच्यू, संगीत खुर्ची पुरेत. १९४८ च्या एका सोव्हिएत प्रयोगात दिसलं होतं की “हलू नकोस” म्हटल्यावर जेवढा वेळ मूल स्थिर उभं राहतं, त्याहून कितीतरी जास्त वेळ ते पहारेकऱ्याची भूमिका करताना उभं राहतं. चतुर्थीला घुमट या मातीच्या वाद्यावर आरती होते, तिच्यात मुलाला कासाळं (मोठी झांज) वाजवायला द्या. ठेका येईपर्यंत हात रोखून धरणं ते तिथे हौसेने करतं.

बालवाडीच्या बाईंवर विसंबून राहू नका, जेव्हा...

थयथयाट नेहमीच पंचवीस मिनिटांहून लांबत असेल, मूल स्वतःचं डोकं आपटत असेल किंवा चावून घेत असेल, बहुतेक वेळा घरच्यांना मारत असेल, किंवा एकदा सुरू झालं की आपणहून शांतच होत नसेल, तर माझ्यासारखीच्या सल्ल्यावर दिवस काढू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थाही आहे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: कधी झालं, कुठे, किती वेळ, त्याच्या आधी काय घडलं, आणि तुम्ही काय केलंत.