कमी उलाढालीचा बायोटेक शेअर वर्षानुवर्षं ठेवायचाय? मग या चुका टाळा

लहान बायोटेक कंपनीचा शेअर घेणारा माणूस औषधाचा अभ्यास भरपूर करतो. रेणू कोणता, रोग कोणता, अमेरिकेत रुग्ण किती, सगळं तोंडपाठ. त्या शेअरची रोजची डिलिव्हरी किती, म्हणजे दिवसाला किती शेअर खरोखर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, असं विचारलं की मात्र गप्प. बहुतेकांचं नुकसान या दुसऱ्या प्रश्नापाशी होतं.

बाहेर पडायला किती दिवस लागतील, हे न मोजणं

आडगावातल्या जमिनीसारखंच हे: भाव सगळे सांगतात, गिऱ्हाईक सापडत नाही. म्हणून घेण्याआधीच विक्रीचा हिशोब करा. समजा, शेअरची रोजची सरासरी डिलिव्हरी ३,००० आहे आणि तुमच्याकडे ६,००० शेअर आहेत. भाव न पाडता विकायचं तर रोजच्या डिलिव्हरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त विकू नये. म्हणजे दिवसाला ३०० शेअर, एकूण २० सत्रं, जवळजवळ एक महिना. तेही बातमी वाईट नसताना.

वाईट बातमी आली की हे गणित मोडतं. ५ टक्क्यांचं सर्किट (दिवसात भाव याहून जास्त वर-खाली जाऊ शकत नाही ती मर्यादा) असलेला शेअर सलग दहा सत्रं खालच्या सर्किटला लागला, तर भाव सुमारे ४० टक्के उतरतो आणि त्या दहा दिवसांत खरेदीदार जवळपास दिसतच नाही. अशा वेळी स्टॉप लॉसचा, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की आपोआप विकायच्या ऑर्डरचा, आधार वाटतो, पण समोर घेणाराच नसेल तर तो लागून तरी काय उपयोग? किती शेअर घ्यायचे हे डिलिव्हरी पाहून ठरवा. औषधावर कितीही विश्वास असला तरी.

मार्केट ऑर्डर टाकणं

खरेदीची बोली ९६ आणि विक्रीची १०४ असेल, तर मार्केट ऑर्डर टाकणारा, म्हणजे समोर असेल त्या भावाने घेणारा, घेतल्या क्षणी साधारण ८ टक्के मागे असतो. कायम लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव आपणच ठरवून, आणि तुकड्या-तुकड्यांनी. दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या, दहा वर्षं थांबायला निघालेल्याला तेवढी घाई कसली?

रोकड किती दिवस पुरेल ते न बघणं

औषध बाजारात यायच्या आधी अशा कंपनीची विक्री नगण्य असते. खर्च मात्र चालूच. दर सहा महिन्यांनी जाहीर होणाऱ्या ताळेबंदातली रोकड, ठेवी आणि म्युच्युअल फंडातली रक्कम एकत्र करा आणि तिमाही खर्चाने भागा. उत्तर चार-पाच तिमाह्यांच्या आत आलं, तर नवे शेअर येणार हे धरूनच चाला.

हैदराबादच्या सुवेन लाइफ सायन्सेसचं उदाहरण घ्या. कमाईचा उत्पादन-सेवा व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेला, तिची नोंदणी २०२० मध्ये बाजारात झाली आणि मूळ कंपनीकडे मुख्यतः संशोधन उरलं. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्झायमर्सवरच्या मासुपिर्डीन या औषधाची माणसांवरची दुसऱ्या टप्प्यातली चाचणी (मंजुरीआधी असे साधारण तीन टप्पे असतात) आधी ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नव्हती. पुढे त्याच औषधावर, अल्झायमर्सच्या रुग्णांमधल्या अस्वस्थतेसाठी, तिसऱ्या टप्प्याचं काम सुरू झालं. पैसा हवाच होता. २०२२ मध्ये ५५ रुपयांनी सुमारे ४०० कोटींचा राइट्स इश्यू आला, म्हणजे आधीच्या शेअरधारकांनाच नवे शेअर घेण्याचा हक्क, दर दोन शेअरमागे एक. शेअरांची संख्या दीडपट झाली. ज्याने हक्क वापरला नाही त्याचा कंपनीतला वाटा एक तृतीयांशाने घटला. म्हणून गुंतवणुकीची सगळी रक्कम पहिल्याच खरेदीत संपवू नका, राइट्ससाठी काही बाजूला ठेवा. आणि पैसे प्रवर्तक (कंपनी उभी करणारा, ताबा असणारा मालक) स्वतः घालतोय की नाही, हे शेअरधारणेच्या तिमाही तक्त्यात बघा. माझ्या मते कंपनीच्या सादरीकरणातल्या पन्नास पानांपेक्षा तो एक तक्ता जास्त बोलतो.

संशोधन खर्च नफा-तोट्यात न दाखवता ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात फुगत चाललाय का, हेही तपासा. नफा छान दिसतो, रोकड मात्र जातेच.

‘चाचणी यशस्वी’ एवढंच वाचणं

पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी साधारण दहातलं एकच मंजुरीपर्यंत पोचतं. बाजाराला दिलेल्या निवेदनात ‘आशादायक कल’ वगैरे लिहिलेलं असतं. ते बाजूला ठेवा आणि सीटीआरआय या भारतीय चाचणी नोंदवहीत किंवा अमेरिकेच्या क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्हवर मुख्य उद्दिष्ट काय नोंदवलं होतं ते बघा. निवेदनात त्याऐवजी दुय्यम उद्दिष्टाचंच कौतुक असेल, तर समजून जा. तारखा पुढे सरकल्या का, रुग्णसंख्या कमी केली का, हेही तिथेच कळतं.

सन फार्मा समूहातल्या स्पार्क या औषध-संशोधन कंपनीचंही बघा. मार्च २०२४ मध्ये पार्किन्सन्सवरच्या व्होडोबॅटिनिबची चाचणी अंतरिम (मधल्या) विश्लेषणात फायदा न दिसल्यामुळे थांबली आणि शेअर जोरात कोसळला. कंपनीमागे मोठं नाव होतं, तरीही. निकालाची तारीख जवळ आली की आपल्या गुंतवणुकीचा किती हिस्सा बुडाला तरी झोप उडणार नाही, हे आधी ठरवा.

अडकलात तर

भाव पडला म्हणून आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणायला धावू नका. आधी बघा, पडलं ते कशामुळे: चाचणी, रोकड, लेखापरीक्षकाचा राजीनामा, की नुसतीच एखाद्या मोठ्या धारकाची विक्री? फक्त शेवटच्या कारणात आणखी घेण्याचा विचार करण्यासारखा आहे.

शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात गेला असेल तर त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, प्रत्येक व्यवहाराची डिलिव्हरी द्यावीच लागते. आणि खालच्या सर्किटला विकायचंच ठरलं, तर ऑर्डर बाजार उघडण्याआधी टाका. तिथे सगळ्या विक्रेत्यांचा भाव एकच असतो, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी, त्याचा शेअर आधी जातो. साडेनऊला जागे झालेल्यांचा नंबर लागेपर्यंत त्या दिवसाचा खरेदीदार संपलेला असतो.