जुन्या वास्तूच्या आवारात जिओकॅशचा डबा ठेवताना

जिओकॅश म्हणजे जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश वापरून शोधायचा लपवलेला डबा; सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं. आगाखान पॅलेस (१८९२) संरक्षित स्मारक आहे, तिथे डबा ठेवायचा विचारच नको. खासगी जुना बंगला किंवा बाग असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या आणि रखवालदारालाही डबा दाखवून ठेवा. बेवारस डबा दिसला की पुण्यात लोक पोलिसांना फोन करतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून डबा पारदर्शक घ्या, वर मराठीत ‘जिओकॅश – खेळाचा डबा’ असं लिहा.

जमीन खणायची नाही. दगडी भिंतीच्या फटीतही डबा नको. शोधणारे एकेक दगड हलवून बघतात, चुना सुटतो आणि भिंत कायमची खराब होते. शिवाय फटीत विंचू असतात. लोखंडी बाकाखाली चुंबकाची डबी उत्तम.

पावसाळा हा खरा शत्रू. चारही बाजूंनी क्लिप लागणारा डबा घ्या. रबराच्या कडेत वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपतं, तेव्हा बंद करण्याआधी कडेवरून बोट फिरवा. वही झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल. पेनची शाई ओलीने पसरते. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी जूनआधी बदला.

वडाखाली जीपीएस भरकटतं. वेगवेगळ्या वेळी तीन-चार नोंदी घेऊन सरासरी काढा. अक्षांश १८.५५२° म्हणजे १८° ३३.१२′ (१८ अंश, ३३.१२ मिनिटं). तो आकडा १८° ५५.२′ असा भरलात तर माणूस राजगुरुनगरच्याही पुढे जाईल. शेजारचा डबा किमान १६१ मीटर लांब हवा.