बदललेल्या महाविद्यालयाच्या आवारात जाताना

बऱ्याच वर्षांनी आपल्या महाविद्यालयात जायचे ठरले, की पहिले काम घरी बसूनच करायचे असते: कोऱ्या कागदावर आवाराचा नकाशा केवळ आठवणीतून काढावा. फाटक, मुख्य इमारत, प्रयोगशाळा, वसतिगृहाकडे जाणारी आडवाट, तासिका बुडवून जिथे बसत असू तो कट्टा, असे जे जे आठवेल ते मांडावे आणि जे आठवत नाही तिथे जागा मोकळी सोडावी. ती अंदाजाने भरू नये. हे होईपर्यंत महाविद्यालयाचे संकेतस्थळ किंवा ताजी छायाचित्रे पाहू नयेत. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, त्यामुळे नवी इमारत एकदा डोळ्यांत भरली की तिच्या जागी पूर्वी काय होते हे सांगणे अवघड होऊन बसते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण १० ते ३० या वयातले प्रसंग इतर काळाच्या मानाने बरेच अधिक निघतात, असे मानसशास्त्रीय अभ्यासांत वारंवार आढळले आहे. महाविद्यालयीन वर्षे नेमकी याच काळात येतात, त्यामुळे नकाशा तपशिलांनी भरून जाईल. पण तपशील भरपूर असले म्हणजे ते अचूकच असतात असे नाही. म्हणून त्यानंतर गूगल अर्थमधली जुनी उपग्रहचित्रे उघडावीत. ही सोय २००९ पासून आहे आणि तिच्या आधारे कोणती इमारत कोणत्या दोन वर्षांच्या दरम्यान उभी राहिली, एवढे तरी ठरवता येते.

भेटीसाठी कामकाजाचा दिवस निवडावा आणि छायाचित्रे काढण्याची परवानगी कार्यालयाकडून आधीच घ्यावी. स्नेहमेळाव्याच्या दिवशी हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी माणसे भेटतात, आवार दिसत नाही.

आत गेल्यावर ‘काय नाहीसे झाले’ यापेक्षा ‘का बदलले’ हे विचारत फिरावे. उतरता रस्ता, कठडा आणि उद्वाहक हे चाकाच्या खुर्चीसाठी आलेले असतात, तर इमारतीच्या बाहेरून चढणारा लोखंडी जिना बहुधा आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी असतो. ग्रंथालयातली, पुस्तकांच्या नोंदींची पत्रे (तालिकापत्रे) ठेवायची लहान खणांची कपाटे संगणकाने हटवली. ग्रंथालयांना छापील तालिकापत्रे पुरवणाऱ्या ओसीएलसी या संस्थेनेही शेवटची पत्रे ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली. झाडे मात्र चांगली खूण ठरतात. झाडाची उंची शेंड्याकडे वाढते, बुंधा फक्त जाड होत जातो. त्यामुळे खोडावर कोरलेले नाव आजही त्याच उंचीवर असते, फार तर रुंदावलेले. (नावे कोरणे चांगले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.)

सर्वांत जास्त वेळ जुनी छायाचित्रे त्याच जागेवरून पुन्हा काढण्याला द्यावा. एखादे चित्र निवडावे, ज्यात जवळची एक आणि लांबची एक अशा दोन टिकलेल्या वस्तू दिसतात, उदाहरणार्थ खांब आणि त्यामागची खिडकी. खांबाने खिडकीचा जेवढा भाग चित्रात झाकला आहे तेवढाच प्रत्यक्षात झाकला जाईपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरकावे, मग पुढे-मागे होऊन दोन्हींच्या आकारांचे प्रमाण जुळवावे. हे प्रमाण उभे राहण्याच्या जागेवर ठरते, भिंगावर नाही. झूमने फक्त चौकट लहानमोठी होते. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत ५० मिलिमीटरचे भिंग असे आणि आजच्या मोबाइलचे मुख्य भिंग त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद दृश्य टिपते, म्हणून दुप्पट झूमपासून सुरुवात केल्यास चौकट लवकर जुळते. पूर्वी उभे राहिलो होतो तिथेच आता भिंत असेल, तर तिच्याजवळच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून प्रयत्न करावा आणि तसे नोंदवावे.

सावल्याही जुळवायच्या असतील तर तोच महिना आणि तीच वेळ साधावी. तो महिना जमत नसेल तर एक पर्याय आहे: सूर्य २० एप्रिलच्या सुमारास आकाशात ज्या मार्गाने जातो, जवळजवळ त्याच मार्गाने तो २३ ऑगस्टच्या सुमारासही जातो. २१ जूनच्या अलीकडे जितके दिवस, साधारण तितकेच पलीकडे मोजले की जोडीची तारीख मिळते. ढग आड आले तर मात्र या हिशेबाचा उपयोग नाही.

परतल्यावर त्याच दिवशी प्रत्येक चित्रजोडीखाली दोन्ही तारखा, उभे राहण्याची जागा आणि दिशा लिहावी. जुन्या चित्रातल्या माणसांची नावे सहाध्यायांना विचारून भरावीत, अनिश्चित नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि एक संच महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावा, कारण पाडलेल्या वर्गखोल्यांची आतली छायाचित्रे अनेकदा विद्यार्थ्यांकडेच उरलेली असतात.