खानदेशातला पणजोबा कागदांत कसा शोधायचा

सुरुवात घरातूनच करा. लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या आधी काढा. आहेराच्या वहीत सोयऱ्यांची नावे गावासकट असतात, त्यामुळे पणजीचे माहेर तिथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

मग शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यू नोंदलेले असतात. जुनी पाने मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारा सोबत न्या.

खरा खजिना वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याच्या नोंदीत आहे. कर्ता वारला की बायको-मुलांची नावे एकाच नोंदीत येतात. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींचीही येतात, बहुधा सासरच्या आडनावाने. एकेक फेरफार मागे नेत चला, पिढ्या जोडल्या जातात.

घोटाळा होतो तो नावांत. आजोबाचेच नाव नातवाला ठेवलेले असते, म्हणून नुसते नाव जुळले तर मानू नका; बापाचे नाव आणि जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबरही जुळायला हवा. शके साल असेल तर ७८ मिळवा, पण माघ-फाल्गुनातल्या लग्नाला ७९.

जिल्हाही तपासा. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेले गाव जुन्या कागदांत पश्चिम खानदेशात, १९९८ च्या आधीच्या कागदांत धुळे जिल्ह्यात मिळेल.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळ, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नावांची वही, शेवटी बघा. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावे लागते.