व्हॅटिकन परिषदेवरून वाद झाला तर आधी काय उघडायचं आणि कसं वाचायचं

दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणजे १९६२ ते १९६५मध्ये भरलेली जगभरातल्या कॅथलिक बिशपांची सभा, आणि तिच्यावरचा वाद बहुतेक वेळा मिस्सावरून, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेवरून, सुरू होतो. कुणीतरी म्हणतं लॅटिन मिस्सा हीच खरी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं सगळं बिघडवलं. लगेच दुसरा म्हणतो परिषदेनंच लॅटिन बंद केली, आता जुनं उकरून काढणारे सगळे पोपच्या विरोधात आहेत. दोघंही परिषदेचं नाव घेतात आणि दोघांनीही बहुतेक वेळा मूळ मजकूर उघडलेला नसतो. मला याचा खरंच त्रास होतो, कारण एकाच अल्तारासमोर (वेदीसमोर) गुडघे टेकणारी माणसं एकमेकांना पाखंडी म्हणायला लागतात, आणि ज्या दस्तऐवजांवरून म्हणतात ते व्हॅटिकनच्या वेबसाईटवर सगळ्यांसाठी फुकट आहेत.

तर पहिलं काम हे की मुद्दा नक्की कशाबद्दल आहे ते वेगळं करा. परिषदेनं काय लिहिलं, परिषदेनंतर रोमनं, म्हणजे पोप आणि त्यांच्या कचेऱ्यांनी, काय ठरवलं, आणि तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, प्रत्यक्ष काय झालं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी भांडणं त्यांची सरमिसळ केल्यानं होतात. उदाहरण म्हणून परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज उघडा, साक्रोसांक्तुम कोन्सिलियुम, ४ डिसेंबर १९६३. तो २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला होता, म्हणजे मूठभर लोकांनी रेटून नेला हे म्हणणं टिकत नाही. आता कलम ३६ वाचा. पहिलंच वाक्य सांगतं की लॅटिन विधींमध्ये लॅटिनचा वापर कायम ठेवावा. आणि त्याच्या लगेच खाली आहे की लोकभाषेचा वापर लोकांच्या फायद्याचा ठरतो म्हणून तिला जास्त जागा देता येईल. जुन्या मिस्सावाला पहिलं वाक्य दाखवतो, दुसरा खालचं दाखवतो, आणि कलम पूर्ण कुणीच वाचत नाही. आपल्याकडं मिस्सा मराठीत, कोंकणीत आली ती याच दाराने, आणि मला ते देवाचं मोठं देणं वाटतं, पण म्हणून "परिषदेनं लॅटिन काढून टाकली" हे वाक्य खरं होत नाही. आता फादर लोकांकडं तोंड करून मिस्सा करतात ते बघा. अख्ख्या दस्तऐवजात शोधलं तरी तो आदेश सापडणार नाही. तसा उल्लेख १९६४च्या सप्टेंबरमधल्या अंमलबजावणीच्या सूचनेत येतो, आणि नवीन मिस्सा तर पोप सहावे पॉल यांनी १९६९मध्ये जाहीर केली. त्यामुळं नवीन मिस्सावर कुणाचा आक्षेप असेल तर तो परिषदेपेक्षा पोपच्या निर्णयावर आहे, हे आधी दोघांनी मान्य करून मग बोलावं.

इथून प्रश्न पोपच्या अधिकारावर येतो, आणि इथंच लोक दोन टोकांना जातात. एकाला पोप विमानात पत्रकारांशी बोलले तेही श्रद्धेचं तत्त्व वाटतं, दुसरा म्हणतो अचूकतेचा, म्हणजे इथं पोप चुकूच शकत नाही असा, शिक्का नाही ना, मग मला बंधन नाही. दोन्ही चूक. १८ जुलै १८७०ला पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं अचूकतेला कडक अटी घातल्या: पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा गुरू म्हणून बोलतोय, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा आहे, आणि अख्ख्या ख्रिस्तसभेनं हे मानलंच पाहिजे असं तो कायमचं ठरवून देतोय. त्यानंतर याचं सर्वमान्य उदाहरण एकच, १९५०मध्ये पोप बाराव्या पायस यांनी जाहीर केलेलं मरियेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे ती देहासह स्वर्गात घेतली गेली हे. आणि १८७०च्या त्याच मजकुरात हेही आहे की पवित्र आत्म्याचं वचन नवीन शिकवण काढायला नाही, मिळालेला ठेवा जपायला दिलंय.

मग बाकीचं सगळं ऐच्छिक का? नाही. लुमेन जेन्सियुम या दुसऱ्या परिषदेच्या ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजाचं कलम २५ वाचा, दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल. तिथं म्हटलंय की पोप अचूकतेनं बोलत नसतानाही मन आणि इच्छा दोन्हींनी आदरपूर्वक स्वीकार द्यायचा. आणि तो स्वीकार पोपच्या मनातल्या अर्थाप्रमाणे द्यायचा, तो अर्थ ओळखायचा कसा हेही तिथंच दिलंय: दस्तऐवज कुठल्या प्रकारचा आहे, तीच शिकवण पुन्हा पुन्हा दिली जातेय का, आणि ती कशा शब्दांत सांगितलीय. हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक वादाला लावा. कुठल्या तरी पत्रातली एक तळटीप आणि दोन हजार वर्षं शिकवलेली गोष्ट यांचं वजन सारखं नाही, हे मग आपोआप दिसतं.

शिस्तीचे नियम आणि शिकवण हाही फरक लक्षात ठेवा. २००७ला पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांनी जुनी लॅटिन मिस्सा मोकळी केली, १६ जुलै २०२१ला पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. शिस्तीचा नियम एका पोपनं केला तर दुसरा बदलू शकतो, आणि एखादा निर्णय शहाणपणाचा नव्हता असं आदरानं म्हणणं म्हणजे फूट नाही. फूट कुठं सुरू होते त्याचं उदाहरण हवं असेल तर ३० जून १९८८ बघा. जुन्या मिस्साचा आग्रह धरणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र स्वतः दुसऱ्या परिषदेत बसलेले होते, पण त्या दिवशी त्यांनी रोमची परवानगी नसताना, रोमनं स्पष्ट नाही म्हटलेलं असताना, चार बिशपांचा अभिषेक केला. त्या चौघांवरचा बहिष्कार २००९मध्ये उठवला गेला, पण म्हणून १९८८ची कृती बरोबर ठरत नाही.

सगळ्यात अवघड जागा मात्र धर्मस्वातंत्र्याची आहे, ती टाळू नका. १८६४च्या पोप नवव्या पायस यांच्या चुकीच्या मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्याबद्दल जे नाकारलंय ते वाचून मग ७ डिसेंबर १९६५चं दिग्नितातिस हुमाने, परिषदेचा धर्मस्वातंत्र्याचा दस्तऐवज, वाचलं की कुणालाही धक्का बसेल, आणि "इथं काही विरोधच नाही" असं घाईनं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. इथं दोन गोष्टी एकत्र वाचा. एक, त्या दस्तऐवजाचं कलम १, जिथं खऱ्या धर्माबद्दलचं माणसाचं आणि समाजाचं नैतिक कर्तव्य याची जुनी शिकवण तशीच ठेवलीय. दुसरं, बेनेडिक्ट यांचं २२ डिसेंबर २००५चं भाषण, ज्यात ते परिषदेकडं तुटलेला धागा म्हणून बघण्यापेक्षा सातत्यातली सुधारणा म्हणून बघा म्हणतात, आणि तत्त्व टिकतं पण बदलत्या परिस्थितीबद्दलचे निर्णय बदलू शकतात असं मान्य करतात. मला हे पटतं, पण पूर्ण सुटलंय असं म्हणणार नाही. भारतात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्याला त्या दस्तऐवजाचं मोल वेगळं सांगायला नको, तरीही तो आपल्या सोयीचा आहे म्हणून खरा, असा युक्तिवाद करू नका.

आणि खरोखर काही खटकत असेल, उपासनेत मनमानी होत असेल तर, नुसतं कुजबुजू नका. उपासनेवरच्या दस्तऐवजाचं कलम २२ सांगतं की धर्मगुरूसुद्धा स्वतःच्या मर्जीनं काही घालू किंवा काढू शकत नाही. चर्च कायद्याचं कलम २१२ आपलं मत धर्मगुरूंना आणि बिशपना कळवायचा हक्क आपल्याला देतं, ज्ञान असेल तर कधी कधी ते कर्तव्यही ठरतं, फक्त आदर ठेवून. आधी फादरना भेटा, नाही ऐकलं तर बिशपना पत्र लिहा, त्यात काय झालं, कुठल्या तारखेला झालं आणि कुठल्या कलमाशी जुळत नाही एवढंच लिहा. फादरच्या हेतूबद्दल एक शब्दही नको.