ओव्हरस्पीडचं चलान आलंय? भरायचं की कोर्टात लढायचं

सातारा-कराड हायवेला रोजची येजा असली की कधीतरी हा मेसेज येतोच, आणि बरेच जण कटकट नको म्हणून लगेच भरून मोकळे होतात. तसं करू नका. आधी फोटो बघा, तेही मेसेजमधल्या लिंकवरून नाही (फसव्या लिंका लई फिरतायत), महाट्रॅफिक या महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ॲपवरून.

नंबर तुमचा पण गाडी दुसरीच दिसत असेल तर एक रुपया भरू नका, भरलं म्हणजे गुन्हा मान्य केल्यासारखं होतं. ॲपवरच तक्रार टाका, सोबत आरसी, गाडीचे फोटो आणि फास्टॅगचं स्टेटमेंट जोडा. चलान नाशिकचं आणि त्याच वेळेला तुमची गाडी तासवडे टोलला, यापेक्षा भारी पुरावा नाही.

गाडी तुमचीच आहे पण स्पीड मान्य नाही, तर मात्र अवघड आहे. आनेवाडी टोल ते तासवडे टोल इतक्या वेळात आलो म्हणजे सरासरी कमीच होती, असं लोक सांगतात, पण कॅमेरा त्या एका क्षणाचा स्पीड पकडतो त्यामुळे हे टिकत नाही. टिकतं ते यंत्राबद्दलचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 प्रमाणे एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राचं मोजमाप लागतं, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 167अ प्रमाणे त्या यंत्राला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतं, ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं, शिवाय कॅमेऱ्याच्या आधी इशाऱ्याचा बोर्ड पाहिजे. बोर्ड नसेल तर लगेच जाऊन फोटो काढून ठेवा, नंतर बोर्ड लागला तर सांगणार काय.

नोटीस उशिरा आली हा मुद्दाही घेता येतो, पण आरसीवर तुमचाच जुना पत्ता किंवा मोबाईल असेल तर त्याच्यावर फार विसंबू नका.

आता हिशोब. कारला दंड जास्तीत जास्त 2000, वकिलाची फी आणि तारखांना बुडणारी रोजी त्याच्या वर जाते. चूक खरंच झाली असेल तर भरा आणि विषय संपवा. पण दुसऱ्यांदा सापडलं की लायसन्स जप्त होऊ शकतं, म्हणून ज्यांचं पोट गाडीवर आहे त्या टेम्पो-ट्रकवाल्यांनी खोटं चलान सोडू नये, लढावंच. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.

लोक अदालतीत तडजोड होते खरी, पण तिथल्या निकालावर अपील नाही, तेव्हा चूक नसेल तर तिथं सही करू नका. आणि कोर्टाचं समन्स आलं की तारीख चुकवायची नाही, वॉरंट निघू शकतं.