हिपॅटायटिस बीची लस लागू पडली का? टायटर कधी करायचं आणि आकडा कसा वाचायचा

माणूस येतो, खुर्चीत बसतो, बाही वर करतो आणि म्हणतो, "हिपॅटायटिस बीचं रक्त द्यायचंय." मी सुई हातात घ्यायच्या आधी चिठ्ठी मागते. चिठ्ठीवर नुसतं 'हिपॅटायटिस बी' लिहिलं असेल तर मी रक्त काढत नाही, आधी विचारते, "कशासाठी करताय?" कारण एवढंच लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा एचबीएसएजी ही तपासणी लावली जाते. ती विषाणू अंगात आहे का ते सांगते. लशीने संरक्षण तयार झालं का, याच्याशी तिचा काही संबंध नाही. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन माणूस खुशीत निघून जातो आणि हवं ते उत्तर मिळालेलंच नसतं.

लशीचा हिशोब बघायचा तर अँटी-एचबीएस मागा, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी मोजणारी तपासणी, आणि तीही क्वांटिटेटिव्ह, म्हणजे आकड्यात उत्तर देणारी. बोलताना आम्ही तिला 'टायटर' म्हणतो. दोन नावं इतकी सारखी आहेत की रोज घोटाळा होतो, आणि अर्थ मात्र उलटे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर गाठायचा. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह आलं तर तेच हवं असतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी रिपोर्ट हातात घेऊन जिन्यातच बसली होती, डोळे भरलेले. आकडा होता ७०० च्या वर. तिला म्हटलं, "अगं, हे पॉझिटिव्ह यावं म्हणूनच तर तीन सुया टोचून घेतल्यास!"

ही तपासणी सगळ्यांनी करायची नाही. लस पूर्ण घेतलेल्या धडधाकट माणसाला तिची सहसा गरज नसते. ज्यांचा रक्ताशी आणि सुयांशी रोजचा संबंध येतो, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे, ज्यांच्या जोडीदाराला हिपॅटायटिस बी आहे, त्यांनी करावी. आईला हा संसर्ग असेल तर बाळाची तपासणी साधारण ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर होते, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही.

आता वेळ. इथेच मी स्वतः चुकले. नेहमीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. टायटर करायचं ते शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी. मी ते केलं अकरा वर्षांनी, तेही हातात सुई घुसल्यावर. आकडा आला ६. आता या ६ चा अर्थ काय लावायचा? लस मुळात लागूच पडली नव्हती, की लागू पडून आकडा वर्षांनुवर्षं उतरत आला? नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. अँटिबॉडी काळानुसार कमी होतातच, पण एकदा चांगला प्रतिसाद आलेल्या निरोगी माणसाच्या शरीराला विषाणूची ओळख राहते, आणि संरक्षण टिकतं. वेळेवर तपासणी करून तो कागद जपला असता, तर सुई लागल्यावर माझी झोप उडाली नसती. त्या वेळी मला लशीचा एक डोस लगेच दिला आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त घेतलं. आकडा ४८० वर. म्हणजे ओळख शाबूत होती.

रिपोर्टवर बघायची रेषा १० ची. एकक मिली-आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर असतं. काही ठिकाणी ते प्रति लिटर आंतरराष्ट्रीय युनिट असं छापतात, आकडा तोच राहतो. वेळेवर केलेल्या तपासणीत १० किंवा जास्त आलं की झालं. ५० वाल्याने ९०० वाल्याचा हेवा करू नये. डायलिसिसवाल्यांचं मात्र वेगळं आहे: त्यांचं टायटर दरवर्षी करतात आणि १० च्या खाली गेलं की बूस्टर देतात.

वेळेवर करूनही १० च्या खाली आलं तर? आमच्यातल्या एकाचं तसं झालं. लस पुन्हा घ्यायची, पुन्हा १ ते २ महिन्यांनी मोजायचं. निरोगी प्रौढांतही काहींना पहिल्या तीन डोसांनी प्रतिसाद येत नाही. वय चाळिशीपुढे, वजन जास्त किंवा सिगारेट असेल तर ही शक्यता वाढते. लस दंडातच घ्या, कुल्ल्यात घेतलेली नीट लागू पडत नाही. दोन पूर्ण फेऱ्यांनंतरही आकडा हलला नाही, तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी तपासून घ्यायचं, कारण कधीकधी संसर्ग आधीच असतो. तसं नसेल तर तो माणूस 'नॉन-रिस्पॉन्डर'. बाधित रक्ताची सुई लागली तर त्याला लशीवर न थांबता इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागतं, आणि तेही शक्यतो २४ तासांच्या आत. त्याने ही गोष्ट खिशातल्या कागदावर लिहून ठेवली आहे.

अँटी-एचबीसी टोटलबद्दल थोडं. लशीने ती पॉझिटिव्ह होत नाही, खऱ्या विषाणूशी गाठ पडल्यावरच होते. तेव्हा अँटी-एचबीएस आणि ही, दोन्ही पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल, तर आजार होऊन बरा झालेला आहे. पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगा, दबलेला विषाणू उठू शकतो.

रक्त द्यायला उपाशी यायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर सहा महिने थांबा, नाहीतर त्यातल्याच अँटिबॉडी मोजल्या जातील. आणि लस घेतल्या घेतल्या एचबीएसएजी करू नका: लशीतलाच अंश काही दिवस रक्तात दिसतो आणि विनाकारण धांदल उडते.

रिपोर्ट आला की आकडा, तारीख आणि शेवटच्या डोसची तारीख, तिन्ही लशीच्या कार्डावर पेनाने लिहा. माझ्या कार्डावर आता ६ आणि ४८० एकाखाली एक आहेत.